सोळा हजारांचा नवा छोटा लॅपटॉप, की त्याच पैशांत जुना ऑफिसचा?

साताऱ्याच्या एका पालकांनी विचारलं आहे: मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, पुण्यात होस्टेलवर राहते. बजेट वीस हजार, फार ताणलं तर बावीस-तेवीस. ऑनलाइन ११.६ इंची नवे लॅपटॉप १४ ते १७ हजारांत दिसतात. ४ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा), ६४ जीबी स्टोरेज (फाइली कायमच्या ठेवायची जागा), वजन किलो-सव्वा किलो. दुकानदार म्हणतो, शिक्षणाला भरपूर झाला. पैसे वसूल होतील का, की वर्ष-दोन वर्षांत माळ्यावर जाईल? मुलीला रोज पाठीवर वागवायचा आहे, म्हणून हलकाच हवा, हेही त्यांनी लिहिलं आहे.

माझा धंदा मुख्यतः दुरुस्तीचा. विक्री आहे, पण थोडी. त्यामुळे खोक्यातून काढल्यावर लॅपटॉप कसा दिसतो यापेक्षा दोन वर्षांनी तो कोणत्या अवस्थेत टेबलावर येतो, हे मी जास्त पाहतो. तिथून सांगतो: तुम्ही लिहिलेला लॅपटॉप विंडोजवर चालणारा असेल, तर घेऊ नका. किंमत कमी आहे हे खरं, पण तो स्वस्त पडत नाही. छोट्या स्वस्त लॅपटॉपला काही ठिकाणी खरोखर अर्थ आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. तुमच्या मुलीचं काम त्यात बसत नाही.

आधी ४ जीबी आणि ६४ जीबी या दोन आकड्यांचं बघू, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेली किमान अट नेमकी हीच आहे: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. म्हणजे तुम्ही काठावरचं मशीन विकत घेताय. लॅपटॉप नुसता चालू करून ठेवला, काहीच उघडलं नाही, तरी अडीच ते तीन जीबी रॅम विंडोजच खाऊन बसतं. त्यातली थोडी ग्राफिक्सला जाते, कारण या मशीनमध्ये वेगळी ग्राफिक्स मेमरी नसते. उरल्यात मुलीने क्रोम उघडला, कॉलेजचं पोर्टल, एक यूट्यूब, एक पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलं, की रॅम संपली. रॅम संपली की विंडोज काम बंद करत नाही, ते जास्तीचा माल स्टोरेजवर ठेवायला आणि परत आणायला लागतं. स्टोरेज चांगलं असेल तर हे फारसं जाणवत नाही. इथे स्टोरेज असतं ईएमएमसी. ती स्वस्त मोबाईलमध्ये असते त्याच जातीची चिप. ती एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. खंबाटकीत दरड पडल्यावर एकेरी वाहतूक सोडतात ना, तसा प्रकार: वरची वाहतूक थांबवली की खालची सुटते. मग टास्क मॅनेजर उघडून बघाल तर डिस्क १०० टक्के, आणि माउसचा बाण अडखळतोय. गिऱ्हाईक म्हणतं, "व्हायरस आलाय." व्हायरस वगैरे काही नसतो.

जागेचंही तेच. ६४ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज दाखवतं ५८ च्या आसपास. त्यातून विंडोज आणि त्याची अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा वजा करा, ऑफिस टाका, हाती साधारण वीस-पंचवीस जीबी उरतात. पहिल्या सहामाहीत चालून जातं. मग विंडोजचं मोठं अपडेट येतं, त्याला उतरायलाच जागा पुरत नाही, अर्ध्यात अडकतं, पुन्हा येतं, पुन्हा अडकतं. मुलं काय करतात, अपडेटच बंद करून टाकतात. मी तरी त्यांना काय बोलणार?

प्रोसेसर कोणता हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं, ते नीट वाचा. या किमतीत बहुतेक वेळा इंटेलचा सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० निघतो. पहिला २०१९ च्या शेवटचा, दुसरा २०२१ चा. दोन्हींत दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. सहा वॅटचे आहेत, त्यामुळे पंखा लागत नाही, बॅटरी टिकते, गरम होत नाही. हे खरे गुण आहेत, ते मान्यच. पण झूमवर लेक्चर चालू असताना बाजूला एक्सेल उघडायचं म्हटलं की दोन कोअरची दमछाक दिसते.

आता असा लॅपटॉप उघडून आत बघू. मागचे स्क्रू काढून, कडेने प्लास्टिकची पट्टी फिरवून झाकण उचललं की पहिल्यांदा बघणारा दचकतो. मदरबोर्ड मोबाईलपेक्षा थोडा मोठा, एका कोपऱ्यात बसलेला. बाकी सगळ्या जागेत चपटी पाऊच बॅटरी आणि इकडून तिकडे गेलेल्या दोन-तीन रिबन केबल. रॅमचा स्लॉट नाही, चिपा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या. ईएमएमसीही सोल्डर केलेली. काही मॉडेलांत एसएसडीसाठी (ईएमएमसीपेक्षा वेगवान, बदलता येणारं स्टोरेज) एक स्लॉट सोडलेला असतो, तो असेल तर नशीब समजा. नसेल तर या मशीनमध्ये तुम्ही पुढे काहीही वाढवू शकत नाही. आणि ईएमएमसी मेली, ती मरते कारण भरलेल्या चिपवर सतत लिहिणं चालू असतं, तर ती गरम हवेने सुटी करून, सोल्डरचे बारीक ठिपके नव्याने भरून बसवणं हे रीबॉलिंगचं, हॉट एअरचं काम. ते करणारे कारागीर आहेत, पण त्याची मजुरी आणि चिपचा खर्च धरला की गिऱ्हाईक विचारतं, "एवढ्यात नवाच येईल ना?" आणि त्याचं बरोबर असतं.

आमच्या लाइनीत लॅपटॉपच्या बॉडीचे चार भाग धरतात. ए पॅनेल म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्ड बसतो तो भाग, डी म्हणजे तळ. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड सी पॅनेलला प्लास्टिक वितळवून चिकटवलेला असतो. चहा सांडला, चार की गेल्या, तर नुसता कीबोर्ड बदलता येत नाही. एकतर वितळवलेले ठिपके एकेक करून फोडायचे आणि नंतर पुन्हा चिकटवायचे, नाहीतर अख्खा सी पॅनेल मागवायचा. नामांकित कंपनीचं मॉडेल असेल तर तो मिळतो तरी. फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नवख्या ब्रँडचं असेल, तर पार्ट नंबर टाकून शोधलं तरी काही सापडत नाही. बॅटरीचंही तसंच. फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून ढकलते, टचपॅड क्लिक होईनासा होतो, म्हणून लॅपटॉप येतो. बॅटरी काढून ठेवतो, पण त्याच मापाची, त्याच कनेक्टरची नवी मिळवताना नाकी नऊ येतात.

सगळ्यात जास्त काम मात्र हिंजचं. स्क्रीनची बिजागरी लोखंडी असते, ती धरून ठेवणारे पितळी नट प्लास्टिकच्या बारीक खांबांत दाबून बसवलेले असतात. हिंज कडक होतं, मुलं स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडतात, सगळा पीळ त्या खांबावर येतो आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उखडतो. मग झाकण लावताना 'कट्ट' आवाज येतो, चौकट फाकते. त्या अवस्थेत वापरत राहिलं की डिस्प्लेची केबल तुटते. आम्ही एरल्डाइट भरून, पत्र्याची छोटी पट्टी लावून नट परत बसवतो. ते टिकतं, पण दिसायला ओबडधोबड. हे महागड्या घरगुती लॅपटॉपमध्येही होतं, नाही असं नाही. छोट्या स्वस्तात जास्त लवकर होतं एवढंच.

छोटा म्हणून स्वस्त, हा समज लोकांच्या डोक्यात घट्ट बसला आहे. खरं तर उलटं आहे. एकच ताकद कमी जागेत आणि कमी वजनात बसवायला जास्त खर्च येतो. चांगले १३ इंची हलके लॅपटॉप नेहमीच १५ इंचीपेक्षा महाग राहिले आहेत. ११.६ इंची लॅपटॉप सोळा हजारांना मिळतो तो स्क्रीन लहान आहे म्हणून नाही. स्क्रीनच्या पॅनेलमध्ये पैसे वाचून वाचून किती वाचणार? वाचवलेलं असतं रॅम, स्टोरेज, स्क्रीनचा दर्जा आणि बॉडी या चार ठिकाणी. स्क्रीनचं पॅनेल बहुतेक टीएन नावाच्या स्वस्त जातीचं, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं. समोरून ठीक दिसतं, जरा खालून बघितलं की रंग उलटतात.

हा खेळ नवा नाही. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप जाहीर केला, गरीब देशांतल्या मुलांसाठी. २००७ मध्ये तो प्रत्यक्षात आला तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या जवळ गेली होती. आपल्याकडे त्याचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात खैरात गावच्या मराठी शाळेत झाला. त्या मशीनबद्दल लोक काहीही म्हणोत, दुरुस्तीवाल्याच्या नजरेने ते भारी होतं. रबरी कीबोर्ड, धूळ-पाणी आत जाणार नाही असा. उन्हातही वाचता येणारी स्क्रीन. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडायचं, आणि हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवून दिलेले, कारण मुलं हरवणार हे गृहीत! काटकसर वेगात केली होती, मजबुतीत नाही. त्याच वर्षी असूसने ईई पीसी आणला. सात इंची स्क्रीन, ४ जीबी स्टोरेज, आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली. मशीन चिमुकलं होतं, पण त्यावरचं लिनक्सही तेवढंच हलकं होतं, म्हणून ते पटकन चालू व्हायचं. मग लोकांना विंडोज हवं झालं. इंटेलचा अ‍ॅटम हा छोटा प्रोसेसर आला, नेटबुकांची म्हणजे अशा चिमुकल्या स्वस्त लॅपटॉपांची लाट आली, आणि २००९ मध्ये विंडोज ७ ची स्टार्टर नावाची आवृत्ती अशा मशीनवर येऊ लागली. तिच्यात वॉलपेपरसुद्धा बदलता येत नसे. २०१० मध्ये आयपॅड आला आणि २०१३ पर्यंत नेटबुक संपलं. त्याच्या पुढच्याच वर्षी दोनशे डॉलरचे, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसीचे विंडोज लॅपटॉप नव्या रंगात बाजारात उभे होते. मशीन बारकं आणि त्याच्यावर जड विंडोज, ही जोडी दरवेळी जमवली जाते आणि दरवेळी फसते.

आता पैशांचं बोलू. सोळा हजारांचा लॅपटॉप माझ्या अनुभवात विद्यार्थ्याच्या हाती सुखाने दोन वर्षं जातो. म्हणजे वर्षाला आठ हजार. विकायला गेलात तर हातात काही पडत नाही, कारण असा जुना माल कोणी घेत नाही. याउलट वीस-एकवीस हजारांचा कंपनीतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप, त्यात लगेच किंवा वर्षाने अडीच-तीन हजारांची बॅटरी, असे चोवीस हजार धरा. तो चार वर्षं काढतो. वर्षाला सहा हजार. शिवाय मधल्या काळात रॅम वाढवली तर आणखी पुढे जातो. तिसऱ्या वर्षाला मुलगी प्रोजेक्ट करत असेल तेव्हा तिला नवीन मशीन मागावं लागणार नाही, हा हिशेब आकड्यात येत नाही पण मोठा आहे.

बिझनेस लॅपटॉप म्हणजे डेलची लॅटिट्यूड, लेनोव्होची थिंकपॅड आणि एचपीची एलिटबुक या मालिका. कंपन्या हे शेकड्यांनी घेतात, ठरावीक वर्षं वापरतात आणि एकदम काढून टाकतात. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत आयटी कंपन्यांचा हा माल सतत बाहेर पडतो आणि नूतनीकरण करणाऱ्यांकडून दुकानांत येतो. आपले बाजार माहीतच असतील, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर. तुमच्या बजेटमध्ये २०१८ च्या सुमाराची मॉडेलं बसतात: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५. मागचं झाकण उघडलं की फरक डोळ्यांना दिसतो. रॅमचे दोन स्लॉट, वेगळी काढता येणारी एसएसडी, स्क्रूने बसवलेली बॅटरी, पंखा साफ करता येतो. टी४८० ची तर एक बॅटरी बाहेरूनच खटका सरकवून निघते. याच पिढीत पार्ट मुबलक मिळतात, कारण हजारो मशीन सुटे करून विकले जातात.

तीन मुलांना मी हेच सांगतो आणि चौथा तरीही चूक करून येतो, ती म्हणजे पिढी न बघणं. दुकानदार सांगतो "आय-फाइव्ह आहे," आणि माणूस खूश. कोणता आय-फाइव्ह? आय५-८२५०यू असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी, २०१७ नंतरची. त्यात चार कोअर आहेत. आय५-७२००यू किंवा ६३००यू असेल तर सातवी-सहावी पिढी, दोनच कोअर. आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा माल आता बारा-तेरा हजारांना ढिगाने पडलाय. बॉडी चकचकीत असते, स्टिकर नवे असतात. मोह होईल. सुरक्षेची अपडेट बंद झालेल्या मशीनवर मुलगी बँकेचे व्यवहार आणि फी भरणार असेल तर तो मोह टाळा.

घेताना काय तपासायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या मालात फसवणूक होत नाही असं मी म्हणणार नाही. चालू लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, एक स्पेस, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते, तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा किंमत पाडा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर एसएसडीचं आरोग्य टक्क्यांत दाखवतं. स्क्रीन पूर्ण पांढरी करून बघा, दाबाचे डाग असतील तर उजळ ठिपके दिसतील. सगळ्या की दाबून बघा, कॅमेरा, माइक, प्रत्येक यूएसबी, हेडफोनचं भोक. टाइप-सी ने चार्ज होणारं मॉडेल असेल तर त्याच पोर्टने चार्ज होतं का पाहा. त्या काळच्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या भागाच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता, अपडेट न केल्यास पोर्ट काम करेनासा होतो. टी४८० त्यातच येतो, तेव्हा दुकानदाराला अपडेट करून द्यायला सांगा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मशीन मोकळं आहे का. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जाऊन बघा, पासवर्ड विचारत असेल तर हात जोडा आणि निघा. दुसरं, विंडोज रीसेट करायला लावा आणि पहिल्या सेटअपच्या वेळी वायफाय जोडा. साइन-इनच्या पानावर एखाद्या कंपनीचं नाव आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. आज चालेल, उद्या ते दुरून लॉक होऊ शकतं. दुकानदार म्हणेल, "साहेब, नेट न लावता सेटअप करून देतो." नको म्हणा. आणि बिल घ्या, जीएसटीचं, त्यावर सिरीयल नंबर लिहिलेलं. निदान सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी लिहून घ्या. बिल नाही म्हणणाऱ्याकडे माल कुठून आला हे विचारायची वेळच येऊ देऊ नका.

नव्याचा एक फायदा मी नाकारत नाही: कंपनीची वर्षभराची वॉरंटी. साताऱ्यात सर्व्हिस सेंटर आहे का, ते घरी येऊन दुरुस्त करतात की तुम्ही पुण्याला पाठवायचा, हे बघून त्या वॉरंटीची किंमत ठरवा. सांडलेला चहा आणि तुटलेलं हिंज साध्या वॉरंटीत बहुतेक बसत नाही, तिथे 'फिजिकल डॅमेज' असा शेरा पडतो.

नवाच हवा असा घरात आग्रह असेल तर थोडं थांबून इंटेलचा एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असलेला बघा. एन१०० हा २०२३ चा, चार कोअरचा, तरीही सहाच वॅटचा. जुन्या सेलेरॉनपेक्षा स्पष्टपणे वरचा. सेलमध्ये असे लॅपटॉप बावीस-पंचवीस हजारांत दिसतात. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढल्यामुळे मात्र ८ जीबीचे मॉडेल पूर्वीइतके सहज स्वस्त मिळत नाहीत, आणि कंपन्यांना ४ जीबीवर भागवण्याचा मोह पुन्हा होणार. तुम्ही होऊ देऊ नका. दोन्हींत निवड करायची तर मी पुन्हा आठव्या पिढीच्या जुन्या आय-फाइव्हकडेच झुकेन, मजबुती आणि कीबोर्डसाठी.

आता छोटा स्वस्त लॅपटॉप कुठे जमतो. माझ्या माहितीतला एक लेखनिक आहे, दिवसभर मराठी मजकूर टाइप करतो, दुसरं काही करत नाही. त्याच्या ४ जीबीच्या ११ इंची लॅपटॉपवर मी लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकून दिली. पंखा नाही, आवाज नाही, वीज गेली तरी पाच-सहा तास काम चालतं. त्याला तो सोडायचा नाही. गावाकडे महावितरणचं भारनियमन असलं तर सहा वॅटचा प्रोसेसर हा मोठा आधार असतो, छोट्या इन्व्हर्टरवरही ओझं पडत नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला व्हिडिओ आणि गृहपाठासाठी, किंवा घरात मोठा कॉम्प्युटर असताना प्रवासाला दुसरा म्हणून, हेही चालतं.

विंडोज नसलेल्या छोट्या मशीनचा विचार वेगळा. २०२३ चा जिओबुक घ्या: ११.६ इंच, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वजन एक किलोच्या आत, आतच ४जी सिमची सोय, आणि बाजारात आला तेव्हा किंमत १६,४९९. कागदावर आकडे तुमच्या लॅपटॉपसारखेच. पण त्याची जिओओएस ही मोबाईलच्या जातीची हलकी प्रणाली आहे, तिला ४ जीबी पुरते. क्रोमबुकचं, म्हणजे गुगलच्या ब्राउझरवर आधारलेल्या प्रणालीच्या लॅपटॉपचंही तसंच. तिथे एक चांगली गोष्ट झाली आहे: गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकांना दहा वर्षं अपडेट मिळतील. घेताना त्या मॉडेलची शेवटची अपडेट तारीख मात्र तपासा, जुना साठा स्वस्तात काढतात तेव्हा ती जवळ आलेली असते. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, त्याला क्रोमबुक ४ जीबीच्या विंडोज लॅपटॉपपेक्षा केव्हाही बरं.

तुमच्या मुलीला मी तेही सुचवत नाही, आणि त्याचं कारण बी.कॉम. आहे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ती विंडोजवर चालते. एक्सेल ब्राउझरमध्ये उघडतं, पण कॉमर्सच्या वर्गात जे मॅक्रो आणि अ‍ॅड-इन शिकवतात ते पूर्ण एक्सेल मागतात. पुढे एखाद्या सीएकडे आर्टिकलशिपला किंवा कर सल्लागाराकडे कामाला लागली तर डिजिटल सहीचं टोकन लावावं लागेल, त्याचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठीच असतं, क्रोमबुकवर चालत नाही. गावात कोणी सेवा केंद्र चालवत असेल आणि अंगठ्याचं मशीन जोडून फॉर्म भरत असेल, तर त्यालाही हेच लागू. श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीसुद्धा क्रोमबुक घेऊन ठेवू नये. टॅली स्वतः तशी हलकी आहे, पण ती एकटी कुठे उघडली जाते? बाजूला एक्सेल, ब्राउझर, पीडीएफ असतंच. म्हणून ८ जीबी ही तुमची खालची रेघ. इंजिनिअरिंगला असती तर मी १६ म्हटलं असतं. अँड्रॉइड स्टुडिओ आणि ऑटोकॅड दोन्ही ८ जीबीला किमान म्हणतात, आणि सॉफ्टवेअर कंपनीचं किमान म्हणजे कसंबसं.

वजनाची तुमची काळजी रास्त आहे, तिला १५ इंची अडीच किलोचा देऊ नका. टी४८० दीड किलोच्या थोडा वर, लॅटिट्यूड ७४९० साधारण दीड किलो. त्याहून हलका हवा तर १३ इंचीत एलिटबुक ८३० जी५ बघा, तो सव्वा ते दीड किलोच्या मधे बसतो आणि त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. थिंकपॅड एक्स२८० अजून हलका, दिसायला देखणा, पण त्याची रॅम सोल्डर केलेली आहे, तेव्हा घ्यायचाच तर ८ जीबीचाच घ्या, ४ चा नको. चार्जर धरून वजन करा. जुन्या मोठ्या विटेसारख्या अडॅप्टरऐवजी ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर घेतला तर दोनेकशे ग्रॅम तिथेच कमी होतात आणि तोच तिच्या फोनलाही चालतो.

पुण्यात मुलगी आहेच, तर तिलाच दुकानात घेऊन जा, कीबोर्डवर दहा मिनिटं टाइप करू द्या. दोन-तीन दुकानं फिरा, शनिवारची गर्दी टाळा. बजेट वीसवर अडलं असेल तर ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीचा एलिटबुक किंवा लॅटिट्यूड विचारा, बॅटरी रिपोर्ट समोर काढून घ्या, आणि उरलेल्या पैशांत पाठीला गादी असलेली सॅक घ्या.